गांधीलमाशीचं पोळं: टेंभ्यापासून लाल दिव्यापर्यंत



यंदा दशलक्षणाच्या तिसऱ्या दिवशी अभिषेक पाहून मंदिरातून घरी आले, तर नातू परसदारी ओरडत होता, "आजी, भिंतीतून विमानं सुटतायत!" आमच्या परसात जुना गोठा आहे. जनावरं जाऊन वीस वर्षं झाली, आता तिथे सरपण, जुने पत्रे आणि धान्याची रिकामी पिंपं असतात. त्याच्या दगडी भिंतीत एक भोक पडलंय. त्यातून एकामागून एक गांधीलमाश्या बाहेर पडत होत्या. मोठ्या, काळ्या, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. आत पोळं होतं, आणि येण्याजाण्याची गर्दी पाहता चांगलं मोठं होतं.

मुलगा म्हणाला, "दुकानातून स्प्रे आणतो, दोन मिनिटांत काम." सून म्हणाली, "दशलक्षण संपू द्या, मग बघू." शेजारच्या वहिनी कुंपणावरून काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या नातीला मागच्या वर्षी शेतात गांधीलमाशी चावली होती. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, श्वास लागला. दवाखान्यात वेळेवर पोचली म्हणून वाचली. आणि गोठ्याची ती भिंत त्यांच्या अंगणाला लागून आहे.

मी दोघांनाही थांबवलं आणि आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत आधी घरचं जुनं आठवलं, मग पुस्तकं आणि जुन्या बातम्या काढून वाचल्या. घरातली पोळी माणसांनी आजवर कशी काढली, हा शाळेत शिकवायचा इतिहास नाही. पण बायकांच्या घरगुती इतिहासात त्याला जागा असायला हवी, असं मला वाचता वाचता वाटू लागलं.

सुरुवात आमच्याच घरातून करते. १९८३ साली मी बी.कॉम. होऊन, लग्न होऊन या गावात आले. त्याच पावसाळ्याच्या शेवटी माळ्यावर, कौलांच्या खाली, घागरीएवढं पोळं सापडलं. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पांनी गड्याला सांगितलं, "रात्री टेंभा घेऊन ये." तेव्हा हीच रीत होती. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, रॉकेलमध्ये भिजवायच्या आणि पोळ्याला खालून लावायच्या. पंख जळले की माश्या पटापट खाली पडतात. आम्ही बायका दारं लावून आत बसलो होतो. आधी फडफड ऐकू आली, मग गड्याची किंकाळी. जळती चिंधी खाली पडून कडब्याच्या गंजीने पेट घेतला होता आणि तो हाताने ती विझवत असताना माश्या त्याच्यावर उलटल्या. आग विझली. गड्याचा चेहरा मात्र ओळखू येईना. रात्रीच त्याला बैलगाडीतून तालुक्याला नेलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी उपवास केला, मंदिरात जाऊन प्रायश्चित्त घेतलं. एवढे चार इंद्रियांचे जीव घरात मेले म्हणून. मी नवी सून, मी काय बोलणार? पण मनात एक हिशेब राहून गेला. कॉमर्सच्या पोरीला खर्ची पडलेली प्रत्येक रक्कम खात्यात दिसायला लागते. माश्यांचा जमाखर्च मांडला गेला. टेंभा ज्याच्या हातात दिला त्या माणसाचा मांडलाच गेला नाही. आपल्याकडे पाप मोजताना तीन दारं सांगतात: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, की केलेल्याला मान डोलावली. तिन्ही दारांनी कर्म आत येतं. त्या रात्री आम्ही घरभर लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या दारात उभे होतो आणि पहिल्या दारात पगारी माणूस ढकलला होता.

आता तुम्ही विचाराल, चार इंद्रियांचे म्हणजे काय? स्वाध्यायाला बसणाऱ्यांना ठाऊक आहेच. तत्त्वार्थसूत्रात जिवांची चढती पायरी सांगताना अळी, मुंगी, भ्रमर आणि माणूस अशी उदाहरणं येतात. गांधीलमाशी भ्रमराच्या पायरीवर. स्पर्श, चव, वास, दृष्टी आहे, कान नाही. म्हणून तिच्याभोवती ओरडलं तर तिला काही वाटत नाही, पण भिंतीला धक्का बसला की सगळं पोळं जागं होतं. आमच्या नातवाने दगड मारला नाही हे आमचं नशीब.

मधाचा त्याग आपल्याकडे मूलगुणांतच सांगितला आहे, त्यामुळे मोहोळाला हात लावायचा प्रश्न आपल्या आज्यांना कधी आला नाही. गांधीलमाशीकडे तर मधही नाही. ज्यांना मध हवा होता त्यांनी मधमाशीचं येणंजाणं, धूर, वेळ, ऋतू सगळं शिकून घेतलं. गांधीलमाशीपासून कुणालाच काही मिळत नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल कुणी काही शिकलं नाही, आणि न शिकलेल्या माणसाच्या हातात शेवटी टेंभाच येतो.

शिकले ते काही हौशी लोक. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या विद्वानाने १७१९ साली तिथल्या विज्ञान अकादमीपुढे गांधीलमाश्यांवर निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं, की ही माशी लाकूड कुरतडते, चावून लगदा करते आणि त्याचा पातळ कागद बनवून घर बांधते, मग माणसाला लाकडाचा कागद का बनवता येऊ नये? तेव्हा युरोपात कागद चिंध्यांपासून व्हायचा आणि चिंध्या पुरत नव्हत्या. त्याने स्वतः कागद केला नाही. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी, १८४० च्या दशकात, जर्मनीत केलर नावाच्या माणसाने लाकूड दगडावर घासून लगदा काढला, आणि तिथून लाकडाच्या कागदाची वाट मोकळी झाली. मी ज्या खतावण्यांवर आयुष्यभर घरचा हिशेब लिहिला त्यांचा नमुना त्या भिंतीतल्या माशीकडे होता, हे वाचून मला जरा हसूच आलं.

पण मला ज्याची गोष्ट सांगायची आहे तो दुसराच फ्रेंच माणूस, फाब्र. जन्म १८२३, मृत्यू १९१५. गरीब शाळामास्तर, कीटकांचा वेडा. उतारवयात त्याने सेरिन्याँ नावाच्या खेड्यात एक ओसाड, दगडगोट्यांची जमीन घेतली आणि तिथे बसून आयुष्यभर किडेमुंग्या पाहिल्या. त्याने गांधीलमाशीचं जमिनीतलं पोळं कसं काढलं ते सविस्तर लिहून ठेवलंय. ते वाचताना मला आमच्या माळ्यावरची ती रात्र पुन्हा दिसली, फक्त इथे माणसाने डोकं वापरलेलं होतं.

सप्टेंबर महिना. फाब्रच्या सोबत त्याचा लहानगा मुलगा पॉल, कारण पोराचे डोळे तेज. दोघे दिवसा फक्त पाहतात: जमिनीतून माश्या कुठे वर उसळतात, भोक कुठे आहे. जवळ जात नाहीत. मग रात्री नऊच्या सुमारास कंदील घेऊन येतात. बरोबर पाव लिटरभर पेट्रोल, वीतभर लांबीची वेताची पोकळ नळी आणि आधीच मळून ठेवलेला चिकणमातीचा गोळा. नळी कशाला? तर भोकातून आत जाणारी वाट सरळ खाली जात नाही. वरून नुसतं ओतलं तर माती पिऊन टाकते, पोळ्यापर्यंत काही पोचत नाही, आणि चवताळलेल्या माश्या बाहेर येतात. नळी आत सरकवायची, ओतायचं, लगेच मातीच्या गोळ्याने तोंड बंद करायचं आणि घरी जाऊन झोपायचं. पहाटे येऊन कुदळीने खणायचं. आग नाही, आरडाओरडा नाही. बापाने स्वतः केलं, गड्याला पुढे केलं नाही.

तरीही तेवढ्या माश्या मेल्याच. शिवाय फाब्रने आणखी एक प्रयोग केला, तो वाचून मी पुस्तक मिटलं होतं. एका पोळ्याच्या तोंडावर त्याने रात्री मोठी काचेची घंटा पालथी घातली. सकाळी माश्या बाहेर आल्या, काचेला धडकू लागल्या. जमीन खणणं हा त्यांचा रोजचा धंदा, पण काचेच्या कडेखालून माती उकरून बाहेर पडावं हे एकीलाही सुचलं नाही. उजेड समोर दिसतो तिकडेच धडपड. गंमत अशी, की रात्री बाहेर राहिलेल्या काही माश्या परत आल्या आणि त्यांनी बाहेरून माती उकरून आत जायची वाट केली. आत गेल्या आणि त्यासुद्धा काचेलाच धडकू लागल्या. काही दिवसांत सगळ्या मेल्या. फाब्र हुशार होता, शब्दांचा मोठा कारागीर होता, पण त्या काचेपाशी तो रोज जाऊन पाहत होता आणि ती उचलत नव्हता. ही संकल्पी हिंसा. तिला दुसरं नाव देता येत नाही.

त्याच फाब्रने एक फार उपयोगाची गोष्ट मात्र लिहून ठेवली: पोळ्याचा शेवट. थंडी सुरू होते, नोव्हेंबर येतो, खायला मिळेनासं होतं. ज्या कामकरी माश्यांनी अळ्यांना जिवापाड भरवलं त्याच त्यांना खोपटातून ओढून बाहेर टाकतात. मग त्याही मरतात. नव्या राण्या तेवढ्या कुठेतरी आडोशाला थंडी काढतात आणि पुढच्या वर्षी नवं घर नव्याने बांधतात. म्हणजे थंड मुलखात पोळं काढायचा सर्वात जुना आणि बिनपापाचा उपाय होता नुसतं थांबणं. आपल्याकडे थंडी तशी कडक नाही, त्यामुळे तारखेचा भरवसा नाही. पण आपल्याकडेही पावसाळ्यात पोळी वाढत जातात आणि भाद्रपद-आश्विनात ती भरलेली असतात, एवढं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नेमकी पर्वाच्या दिवसांत ही संकटं का येतात, याचं उत्तर यात आहे.

मधला काळ थोडक्यात सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं थोडं आणि फवारण्यासारखं फार. १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्यूलरला डीडीटीची कीटक मारण्याची ताकद सापडली, १९४८ साली त्यासाठी नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीवाले घराघरात येऊ लागले. माझ्या माहेरी भिंतीवर त्यांनी तारीख लिहिलेली असायची, आणि त्या तारखेवर पांढरा थर. आई आधी देवघर झाकून घ्यायची. १९६२ मध्ये अमेरिकेत रेचल कार्सन यांनी पुस्तक लिहून त्या औषधाचे परिणाम सांगितले, १९७२ मध्ये तिथे शेतीतला वापर बंद झाला. तोवर लोकांच्या हाताला सवय लागली होती. दिसलं की फवार. आता तर डबा दाबला की झालं. ऋतू, वेळ, येण्याजाण्याची वाट, यातलं काही बघावं लागत नाही. स्प्रे आणतो म्हणणारा माझा मुलगा त्याच सवयीत वाढलेला आहे, त्याचा दोष नाही.

आता बंगळूरला चला. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी चाळीसहून अधिक वर्षं एका लहान गांधीलमाशीचा अभ्यास केला. ही माशी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. खिडकीच्या वर, गॅलरीच्या कोपऱ्यात, एका देठाला लटकलेलं, उघड्या खोपटांचं, पालथ्या छत्रीसारखं पोळं असतं ना, तीच. गदगकरांचं शिक्षण रेणूंच्या जीवशास्त्रातलं. माश्या हा आधी छंद होता, मग तेच आयुष्याचं काम झालं. प्रत्येक माशीला रंगाचे ठिपके देऊन ओळख पटवायची आणि तासन् तास बसून कोण काय करतं ते लिहायचं. आपल्या हजेरीपुस्तकासारखंच.

त्यांना काय दिसलं? या पोळ्यातली राणी दांडगाई करत नाही, ती पोळ्यातल्या सर्वात शांत माश्यांपैकी असते. राणीला काढून घेतलं की काही मिनिटांत दुसरी एक माशी एकदम आक्रमक होते, आठवडाभर सगळ्यांना दटावते आणि मग अंडी घालू लागली की तीही शांत होते. सासू गेल्यावर सून कशी बदलते यावर मी इथे काही लिहिणार नाही.

पण माझ्या कामाची गोष्ट वेगळीच होती. अभ्यासासाठी त्यांच्या माणसांनी शहरातून ही पोळी माश्यांसकट काढून संस्थेतल्या एका मोठ्या जाळीच्या खोलीत आणून लावली, आणि माश्या तिथे नांदल्या. म्हणजे लहान पोळं न मारता हलवता येतं, जाणकाराने केलं तर. आणि ती जाळी कशासाठी होती? जाळीची छिद्रं अशी मापाची, की लहान माशीला मोकळं येता-जाता यावं, पण तिच्या शत्रूला आत येता येऊ नये. तो शत्रू म्हणजे मोठी काळी गांधीलमाशी, पोटावर एक पिवळा पट्टा असलेली. आमच्या गोठ्यातली! ती या लहान पोळ्यांवर येते, अळ्या ओढून काढते आणि खाते. लहान माश्या लढत नाहीत, बाजूला होऊन बघत राहतात. हे वाचून मी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीवरचं लहान पोळं बघून आले. शाबूत होतं.

मोठं पोळं हलवता येतं का, हे शोधता शोधता मी अमेरिकेत पोचले. माझी भाची सिॲटलजवळ असते. २०२० च्या करोनाच्या दिवसांत ती फोनवर सांगायची, "मावशी, आता इथे खुनी माश्या आल्यात." पेपरांनी दिलेलं नाव ते. ही जगातली सर्वात मोठी गांधीलमाशी, मूळची पूर्व आशियातली. मोजक्या तीस-एक माश्या मधमाश्यांची हजारोंची वसाहत काही तासांत संपवतात. २०१९ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या व्हँकूवर बेटावर, ननायमो गावी, तिचं जमिनीतलं पोळं सापडलं. ते काढायला कॉनरॅड बेरूबे नावाचा मधपाळ रात्री गेला. मधमाश्यांचा पोशाख, आत जाड कपडे, घोट्यांना आणि मनगटांना खास चिवट कापडाचे पट्टे. तरी नांगी कपड्यातून आत गेली आणि त्याला निदान सात डंख बसले. या माशीची नांगी सहा मिलिमीटरच्या आसपास असते. साधा पोशाख तिला अडवत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात सीमेपलीकडे, वॉशिंग्टन राज्यात ब्लेन गावाजवळ, तीच माशी मिळाली. तिथल्या कृषी खात्याच्या लोकांनी पुढे जे केलं ते मी चार वेळा वाचलं. पोळं शोधायला त्यांनी जिवंत माशी पकडून तिला बारीक रेडिओ बांधायचं ठरवलं. पहिल्यांदा गोंद लावला. तो वाळलाच नाही, माशीचे पंखच चिकटले. मग दात साफ करायचा दोरा घेऊन रेडिओ तिच्या कमरेला बांधला, तिला जॅम खाऊ घातला आणि सोडलं. २२ ऑक्टोबर २०२० रोजी ती माशी त्यांना एका झाडाच्या ढोलीशी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी हवा खराब, म्हणून थांबले. २४ तारखेला पहाटेच्या अंधारात, जाड फोमचे पोशाख आणि चेहऱ्यावर ढाल लावून गेले. लाल दिवे लावले होते, कारण लाल उजेड या माश्यांना दिसत नाही. आधी झाडाला फोम आणि प्लॅस्टिक गुंडाळून इतर वाटा बंद केल्या आणि एक तोंड ठेवलं. त्यातून व्हॅक्यूमच्या नळीने ८५ माश्या ओढून घेतल्या. मग आत कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि चार दिवसांनी झाड कापून नेलं.

आत सहा मजले आणि ७७६ खोपटं होती. अंडी, अळ्या, कोष आणि माश्या धरून सुमारे ५०० जीव, त्यातल्या ७६ राण्या, बहुतेक नव्या, उडून जायच्या बेतात. झाड उघडलं तेव्हा पुष्कळशा जिवंतच होत्या. २०२१ मध्ये आणखी तीन पोळी काढली. त्यानंतर तीन वर्षं एकही माशी दिसली नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती तिथून गेल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात, २०२२ साली, तिथल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने तिचं नावही बदललं. नावातून आशिया काढून टाकलं, कारण करोनाच्या दिवसांत तिथल्या आशियाई माणसांना आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागत होतं. हे मला आवडलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करून शेवटी मारल्याच ना? मारल्या. मधमाश्या वाचवायला मारल्या, आणि ती माशी तिथे स्वतःहून आलेली नव्हती, माणसाच्या व्यापारामागून आली असावी. आपल्या शास्त्रात विरोधी हिंसा सांगितली आहे, स्वतःच्या आणि आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी. ती ब्लेनला लागू होते का, यावर माझं मन पूर्ण ठरत नाही. पण एक दिसलं. त्यांनी एकाच पोळ्यावर नेमका हात घातला, आसपासच्या शेकडो जिवांवर फवारा मारला नाही, आणि माणूस एकही जखमी होऊ दिला नाही. टेंभ्यापासून इथपर्यंत यायला दोनशे वर्षं लागली आणि त्यातलं बहुतेक अंतर नुसतं बघत बसण्याने कापलं गेलं.

हे सगळं वाचून झालं तेव्हा क्षमावाणी उरकली होती. गोठ्यातलं पोळं एखाद्या ओसाड माळावर असतं तर मी त्याच्या वाटेला गेले नसते. आमच्या एकट्याच्या परसात असतं तर गोठ्याला कुलूप लावून वाट पाहिली असती. पण भिंतीपलीकडे ती पोरगी खेळते. दगडी भिंतीतलं पोळं हलवायचं तर भिंतच फोडायला हवी. मी मुलाला म्हणाले, "काढू या. पण मी सांगेन तसं."

स्प्रे आणायचा नाही. दुकानातल्या डब्याचा फवार चार हातांवर संपतो आणि माणूस त्या अंतरात उभा असतो. रॉकेल नाही, आग नाही, पाण्याचा पाइप नाही. भोकावर सिमेंटही थापायचं नाही. पोळं जिवंत असताना तोंड बंद केलं तर माश्या दुसरी फट शोधतात, आणि आमच्या गोठ्याची दुसरी फट स्वयंपाकघराच्या बाजूला निघते. शिडीवर चढून काम करायचं नाही. आणि माणूस असा बोलवायचा की ज्याच्याकडे जाड पोशाख आहे आणि ज्याने हे काम आधी केलंय. पहिला आला तो पायात चपला आणि तोंडाला रुमाल बांधून. त्याला चहा देऊन परत पाठवलं. माझा मुलगा चिडला, "आई, त्याचं काम आहे ते, तो बघेल ना." मी त्याला १९८३ ची गोष्ट सांगितली. ती त्याने कधी ऐकलीच नव्हती.

दुसरा आला त्याने आधी दिवसा अर्धा तास लांब उभं राहून नुसतं पाहिलं. किती वाटा आहेत, कुठून येतात, कुठे जातात. तेव्हाच मला धीर आला. रात्री साडेआठला तो पूर्ण पोशाखात आला, बॅटरीवर लाल कागद लावलेला. शेजारच्यांना आधीच नातीला घेऊन मामाकडे जायला सांगितलं होतं. घराचे आणि अंगणाचे दिवे बंद. गाडी दाराशी, तोंड रस्त्याकडे करून, किल्ली मुलाच्या हातात. जवळच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर आहेत का आणि ॲलर्जीचं इंजेक्शन आहे का, हे मी संध्याकाळीच फोन करून विचारलं होतं. मैत्रिणींनो, हे तुम्हीही विचारून ठेवा. चावलेल्या जागी नुसती सूज असेल तर बर्फ पुरतो. पण चेहरा किंवा घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तर घरगुती लेप लावत बसायचं नाही, तडक दवाखाना. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, गांधीलमाशीची राहत नाही, ती पुन्हा पुन्हा चावू शकते. म्हणून झटकत उभं राहू नये, तोंड झाकून तिथून निघावं.

मी आत दार लावून बसले नाही. बंद गाडीत, काच वर करून, समोर पाहत बसले. त्याने नळीने भोकात पावडर सोडली आणि मागे आला. आतून घुमल्यासारखा आवाज झाला, मग कमी होत गेला. पंधरा मिनिटं. मी मनात णमोकार म्हणत होते, आणि तो कुणासाठी म्हणतेय हे मला सांगता आलं नसतं.

त्याला एकही डंख बसला नाही. पोशाख काढल्यावर मी विचारलं, "आजवर किती चावल्यात?" तो म्हणाला, "सुरुवातीला मोजायचो काकू." तीन दिवस भोकाकडे कुणी गेलं नाही. चौथ्या दिवशी तो पुन्हा आला, आतलं पोळं काढलं. पाच थर होते, एकाखाली एक. कागद इतका हलका की हातात घेतल्याचं कळेना, आणि त्यावर फिकट-गडद तपकिरी पट्टे, आमच्याच सरपणाच्या वेगवेगळ्या लाकडांचे असावेत. त्याने ते पुरलं आणि मग भोक सिमेंटने बुजवलं. पुढच्या वर्षी श्रावण लागायच्या आधीच भिंत पाहून घ्यायची, पोळं लिंबाएवढं असताना दिसलं तर एवढ्या जिवांची वेळच येत नाही, असं तो म्हणाला. कॅलेंडरवर मी खूण करून ठेवली आहे.

प्रतिक्रमणात मी या वेळी दोन नोंदी केल्या. एक भिंतीतल्या जिवांची, कारित म्हणून. दुसरी त्या जुन्या गड्याची. तो वारून बरीच वर्षं झाली. त्याचा मुलगा गावातच असतो, दुकान चालवतो. त्याच्याकडे जाऊन मी क्षमा मागितली. तो गोंधळला. "काकू, आबा कधी बोलले नाहीत तसं काही," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण एक डोळा त्यांचा अधू होता. का ते आम्हाला ठाऊक नव्हतं."

स्वयंपाकघराच्या खिडकीवरचं लहान पोळं तसंच आहे. तो पंखा आम्ही उघडत नाही, कपड्यांची दोरी दुसरीकडे बांधली आहे. काल नातवाने काचेच्या आतून मोजल्या, तेवीस आहेत.